प्रोटीन पावडरचा डबा परत करा

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही धायरीत राहतो. मुलगी २६ वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. फेब्रुवारीत तिचा उजवा डोळा दुखायला लागला, बुबुळ फिरवलं की कळ यायची. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी त्या डोळ्याने समोरचं माणूसही ओळखू येईना. दवाखान्यात ठेवून पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिलं, एमआरआय केला, पाठीतलं पाणी काढलं. आता बरंच दिसतं, फक्त लाल रंग त्या डोळ्याला फिका वाटतो. नंतर रक्ताचा रिपोर्ट आला: एमओजी अँटीबॉडी पॉझिटिव्ह. डॉक्टर म्हणाले, "नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखं. त्यातल्या प्रोटीनचा प्रश्न आहे." बाहेर एवढी गर्दी होती की पुढचं विचारायचं राहून गेलं.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. जाऊबाई म्हणतात, हा एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), पुढे चाकाची खुर्चीच. शेजारी म्हणतात, आपल्या भागात आलं होतं ते जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारं). सासूबाई म्हणतात, दिवाळीत कुत्रा चावला तेव्हा घेतलेल्या इंजेक्शनांचं हे. भाचा जिमला जातो, त्याने "मावशी, प्रोटीनच कमी पडलंय" म्हणून पावडरचा मोठा डबा आणून दिला. गोळ्यांनी मुलीचा चेहरा सुजलाय, झोप नाही, सारखी चिडते. गोळ्या बंद करते म्हणते. परवा पर्वती चढताना पुन्हा त्याच डोळ्यापुढे धूसर झालं, घरी येऊन बसल्यावर गेलं. मी त्या रात्री झोपले नाही. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली होती. हे सांगायचं का? आणि आनुवंशिक असेल तर धाकट्या मुलाची तपासणी करून घेऊ का?

– एक आई, धायरी

उत्तर

ताई,

डब्याचं सील फोडलं नसेल तर दुकानात परत करा. फोडलं असेल तर भाच्याला द्या, त्याच्या दंडाला उपयोगी पडेल. पावडर विषारी नाही, पण ती आणण्यामागचा हिशेब उलटा आहे, आणि तो उलटा हिशेब डोक्यात राहिला तर पुढचे सगळे निर्णय चुकतील.

रिपोर्टमध्ये प्रोटीन कमी असल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. एमओजी हे मायलिनमधल्या एका प्रथिनाचं नाव. मुलीच्या शरीरात ते आहे, जागेवर आहे. रिपोर्ट एवढंच सांगतो की तिच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या आहेत. जंतूंवर सोडायची शस्त्रं शरीराने स्वतःच्याच प्रथिनावर रोखली आहेत. अशा वेळी प्रथिन आणखी खाऊन काय होणार? शिवाय खाल्लेलं प्रथिन, मग ते डब्यातलं असो की मटकीच्या उसळीतलं, पोटात तुटून त्याची अमिनो आम्लं होतात. मायलिनची प्रथिनं ज्या त्या पेशी आपापल्या जनुकांच्या सांगण्यावरून आत तयार करतात. तोंडावाटे ती तिथे पोचवता येत नाहीत.

वायरीचं उदाहरण आम्ही सगळेच डॉक्टर देतो, कारण ओपीडीत तेवढाच वेळ असतो. पण वायरीवरचं प्लॅस्टिक निर्जीव असतं, एकदा तडकलं की तडकलं. मायलिन जिवंत पेशीचा भाग आहे. मेंदूत, पाठीच्या कण्यातल्या रज्जूत आणि डोळ्याच्या नसेत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी असतात. त्या आपल्या पटलाचे, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाचे, हात लांब करून चेतातंतूंभोवती थरावर थर गुंडाळतात. एकेक पेशी कित्येक तंतूंना एकाच वेळी सांभाळते. हातापायांच्या नसांत हेच काम श्वान नावाच्या पेशी करतात, तिथे मात्र एका पेशीकडे एका तंतूचा एकच तुकडा. दोन तुकड्यांच्या मध्ये उघडी फट राहते, आणि संदेश या फटीवरून त्या फटीवर उड्या मारत जातो. म्हणून मायलिन असलेल्या जाड तंतूत त्याचा वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तो जेमतेम एखादा मीटर असतो. आणि जिवंत असल्यामुळेच मायलिन पुन्हा बनू शकतं. मुलीची नजर परत आली त्यात मोठा वाटा सूज उतरण्याचा आहे, पण पुढच्या महिन्यांत तिथे नवं, थोडं पातळ मायलिनही चढत जातं. आतला तंतूच तुटला तर मात्र तो परत येत नाही. लाल रंग फिका दिसतो तो बहुधा अशाच काही गमावलेल्या तंतूंमुळे. डोळ्याच्या नसेत दहा लाखांवर तंतू असतात, त्यामुळे थोडे गेले तरी वाचता येतं, रंगांत मात्र फरक जाणवतो.

आता प्रथिनांकडे येऊ. सुकवलेल्या मायलिनचं वजन केलं तर ७० ते ८० टक्के स्निग्ध पदार्थ निघतात, उरलेली प्रथिनं. त्यातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, आणि तुमच्या घरातल्या प्रत्येक निदानाचं उत्तर त्या जागेत आहे.

मेंदूतल्या मायलिनमध्ये दोन प्रथिनांचा भरणा असतो. पीएलपी हे पटलातच रुतलेलं असतं. एमबीपी आतल्या बाजूला असतं आणि थर एकमेकांना घट्ट चिकटवून ठेवतं. ज्या उंदरांच्या एका जातीत एमबीपीचं जनुकच तुटलेलं असतं, ते जन्मानंतर दोनेक आठवड्यांत थरथरायला लागतात आणि लवकर मरतात. त्यांच्या मेंदूत नीट मायलिनच बनत नाही. एमओजीचं तसं नाही. मायलिनमधल्या प्रथिनांत त्याचा वाटा एक टक्काही नाही. एमओजी अजिबात नसलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार केले गेले, ते दिसायला-वागायला ठीकठाक होते. मग एवढ्याशा प्रथिनामुळे नजर का जावी? कारण ते बसतं सगळ्यात बाहेरच्या थरावर, उघड्यावर. एमबीपी आत दडलेलं असतं, अखंड मायलिनमध्ये अँटीबॉडीला तिथवर वाट नसते. एमओजीपर्यंत ती थेट पोचते. त्या प्रथिनाची उणीव हा तुमच्या मुलीचा आजारच नाही. त्याच्यावर होणारा मारा हा आजार आहे, आणि औषध त्या माऱ्यावरच चालतं.

तेव्हा सगळ्यात आधी गोळ्यांचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली धोक्याची गोष्ट तीच आहे.

एमओजीचा आजार स्टेरॉइडला झटकन दाद देतो. आंधळा झालेला डोळा आठवड्यात वाचायला लागतो, माणसं खूश होतात. पण स्टेरॉइड घाईने उतरवलं की हाच आजार तितक्याच झटकन उलटतो. डोस कमी करताना किंवा बंद केल्यावर लगेचच पुन्हा नजर गेलेले रुग्ण आम्ही सगळ्यांनी पाहिलेत. म्हणून तिच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायचं वेळापत्रक दिलंय. दुसरं कारण तेवढंच महत्त्वाचं. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आपलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं थांबवतात. एका दिवसात गोळी बंद केली तर उलट्या, गळून जाणं, बीपी खाली येणं, असा वेगळाच प्रसंग ओढवतो. "मी बरी आहे, मग कशाला?" असं ती म्हणते. ती बरी आहे ती त्या गोळीमुळे, हे तिला रागावून नाही, बसून सांगा.

त्रास मात्र खरा आहे, त्याला नाटक म्हणू नका. सुजलेला चेहरा, फुटलेली मुरमं, रात्री टक्क जाग, क्षणात भडका, ही सगळी औषधाची करणी आहे. डोस उतरला की चेहराही उतरतो. पूर्ण गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेऊ द्या. संध्याकाळी घेतलेली गोळी झोप पळवते. लोणचं, पापड, वेफर्स आणि गोड काही महिने हात राखून, कारण स्टेरॉइडने अंगात पाणी साठतं आणि साखर चढते. बीपी आणि साखर अधूनमधून तपासा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलंय का ते चिठ्ठीवर बघा, नसेल तर विचारा. ताप आला तर घरगुती काढ्यावर दिवस काढू नका, स्टेरॉइड चालू असताना जंतुसंसर्गाला फावतं. ती खूप उदास किंवा अतिउत्साही वाटायला लागली, भरकटल्यासारखं बोलायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. असं होऊ शकतं आणि त्यावर उपाय असतो.

जाऊबाईंच्या एमएसचं बघू. चूक समजण्यासारखी आहे. दोन्ही आजारांत मेंदूकडचं मायलिन सोललं जातं, दोन्हींत डोळा जातो, आणि बरीच वर्षं एमओजीचे कित्येक रुग्ण एमएसच्याच फायलीत पडून होते. एमएसचं वर्णन पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये केलं. एमओजीच्या आजाराचे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय निकष २०२३ मध्ये आले. म्हणजे तुमच्या जाऊबाईंनी ज्या कुणाला खुर्चीत बघितलं असेल, त्या काळी ही तपासणी कदाचित कुणाच्या गावीही नसेल. एमएसमध्ये अशी एकच बोट दाखवणारी अँटीबॉडी रक्तात मिळत नाही; तिथे पाठीच्या पाण्यात प्रथिनांचे विशिष्ट पट्टे दिसतात, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळातही आतल्या आत झीज चालू राहते. एमओजीमध्ये नुकसान होतं ते मुख्यतः झटक्याच्या वेळी. झटके टाळले की बरंचसं साधलं. साधारण निम्म्या रुग्णांना दुसरा झटका येतच नाही, म्हणून पहिल्याच झटक्यानंतर सगळ्यांना वर्षानुवर्षांची औषधं सुरू करत नाहीत. दुसरा आला तर मग प्रतिकारशक्ती दाबणारी अॅझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट, दर महिन्याचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडींचं सलाइन) अशा पर्यायांचा विचार होतो.

हा नुसता नावाचा वाद असता तर मी एवढं ताणलं नसतं. एमएसवरची इंटरफेरॉनसारखी औषधं एमओजीला उपयोगी पडत नाहीत. कुणी "एमएसचं नवीन इंजेक्शन आलंय, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत" म्हणत आलं, तर नम्रपणे नाही म्हणा.

पुढच्या भेटीत वहीत लिहून न्या आणि विचारा: एमओजीची तपासणी सेल-बेस्ड पद्धतीने झाली का, टायटर (रक्तातलं अँटीबॉडीचं प्रमाण) किती आहे, आणि सोबत एक्वापोरिन-४ ची अँटीबॉडी तपासली का. पहिलं अशासाठी की साध्या एलायझा पद्धतीवर या अँटीबॉडीचा भरवसा धरता येत नाही. दुसरं अशासाठी की फार कमी टायटर कधीकधी खोटा इशारा असतो. तसं असेल तर निदान लक्षणं आणि एमआरआयशी पुन्हा ताडून बघतात. तुम्ही लिहिलेला प्रकार, म्हणजे दुखरा डोळा, झपाट्याने गेलेली नजर आणि स्टेरॉइडने झटकन आलेली सुधारणा, एमओजीशी जुळतो. तिसरं अशासाठी की एक्वापोरिनचा आजार असाच डोळ्यात आणि पाठीच्या कण्यात येतो, पण त्याचं लक्ष्य मायलिन नसून शेजारच्या अॅस्ट्रोसाइट पेशी असतात. त्यात झटके जास्त नासधूस करतात आणि लांबची औषधं पहिल्या झटक्यापासूनच लागतात. सहा महिन्यांनी-वर्षाने एमओजीची तपासणी पुन्हा करतात का, हेही विचारा. काहींच्या रक्तातून ती अँटीबॉडी निघून जाते, आणि तशांना पुन्हा झटका येण्याची शक्यता कमी असते.

जीबीएसची भीती तुमच्या भागात का आहे हे मी समजू शकते. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळ्या सिंहगड रोड पट्ट्यात तो आजार आला, पुणे परिसरात रुग्णांचा आकडा दोनशेच्या घरात गेला, विहिरीच्या पाण्यापासून टँकरपर्यंत सगळ्यांवर संशय घेतला गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू मिळाला. तो पोटात जातो, जुलाब होतात, आणि मग आठ-पंधरा दिवसांत पायांत मुंग्या आणि अशक्तपणा सुरू होतो आणि वर चढत जातो. कारण त्या जंतूच्या आवरणावरची साखर आपल्या नसांवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या स्निग्ध पदार्थासारखी दिसते, आणि जंतूसाठी बनलेल्या अँटीबॉडी चुकून नसांवर पडतात. पण त्या हातापायांच्या नसा. तिथल्या श्वान पेशींच्या मायलिनमध्ये एमओजी नसतंच. तिथे पी-शून्य आणि पीएमपी-२२ ही वेगळी प्रथिनं काम करतात. तुमच्या मुलीचे पाय शाबूत आहेत, गेला होता तो डोळा. आजार वेगळा, लक्ष्य वेगळं, आणि औषधही वेगळं: ज्या स्टेरॉइडने हिची नजर आणली त्याचा जीबीएसमध्ये उपयोग होत नाही, तिथे इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं लागतं. पाणी उकळून प्या, ते धायरीत कधीही चांगलंच. पण या आजाराचा त्या पाण्याशी संबंध लावू नका.

सासूबाईंना मात्र हसू नका. चुकीच्या औषधाबद्दल का होईना, त्यांचं म्हणणं एकेकाळी खरं होतं.

त्यांच्या पिढीला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं आठवतात. ती सेंपल लस. डेव्हिड सेंपल यांनी कसौलीत १९११ च्या सुमारास ती बसवली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, मग त्याला फिनॉलने मारायचं, आणि तो मेंदूचा लगदाच पातळ करून टोचायचा. लगद्यात मायलिन भरपूर. लाखो लोकांचे प्राण त्या लसीने वाचले, पण काही जणांना लस चालू असताना किंवा संपल्यावर पाय लुळे पडणं, लघवी अडकणं, बेशुद्धी असे प्रकार व्हायचे. हे विषाणूमुळे की मेंदूच्या लगद्यामुळे, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये थॉमस रिव्हर्स यांनी धसाला लावला. १९३३ मध्ये त्यांनी माकडांना निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क पुनःपुन्हा टोचला. जंतू नव्हताच, तरी काही माकडांच्या मेंदूतलं मायलिन सोललं गेलं. परक्या मेंदूतल्या प्रथिनांवर चवताळलेलं शरीर आपल्याच मेंदूवर उलटतं, हे तिथे दिसलं. पुढे १९८७ मध्ये थायलंडमधल्या डॉक्टरांनी अशाच लसीनंतर आजारी पडलेल्या माणसांमध्ये एमबीपीविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवून दिल्या, म्हणजे गुन्हेगाराचं नावही कळलं. आज मायलिनच्या आजारांवर जगभर जे प्रयोग चालतात, त्यातले पुष्कळसे रिव्हर्स यांच्या त्या माकडांचेच वारस आहेत.

भारताने मेंदूच्या ऊतीपासूनची ही लस २००४ च्या अखेरीस बंद केली. मुलीने दिवाळीत दंडात घेतलेली लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनते, तिच्यात मेंदूचा कणही नसतो. दिवाळीनंतर तीन महिन्यांनी डोळा गेला, एवढ्यावरून लसीवर आळ घेता येत नाही. आणि हे घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा: उद्या पुन्हा सोसायटीतलं कुत्रं चावलं तर रेबीजची लस घ्यायचीच. रेबीज झाल्यावर उपाय नाही. फक्त त्या वेळी चालू असलेल्या स्टेरॉइडची चिठ्ठी दाखवायची, कारण प्रतिकारशक्ती दबलेली असताना साध्या ओरखड्यालाही लसीबरोबर रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र सध्या तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

पर्वतीच्या पायऱ्यांवर जे झालं त्यालाही नाव आहे. १८९० मध्ये विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन डॉक्टरांनी लिहून ठेवलं की अशा रुग्णांना श्रम केल्यावर तात्पुरतं कमी दिसतं. मागाहून कळलं की खरं कारण अंगातली उष्णता. मायलिन पातळ झालेल्या तंतूत संदेश जेमतेम पुढे ढकलला जात असतो. अंग अर्ध्या अंशाने तापलं तरी तो अडतो, आणि थंड झालं की पुन्हा वाहायला लागतो. नवं नुकसान होत नाही. एप्रिलातल्या दुपारी पर्वती चढली तर असं व्हायचंच. चढू द्या, पण पहाटे. सोबत पाणी असू द्या. कढत पाण्याच्या अंघोळीनंतर, तापात, किंवा हिंजवडीच्या बसमध्ये उभ्याने घामाघूम झाल्यावरही असं होईल. झोप टाकून बसू नका.

खरा झटका ओळखायची खूण सोपी आहे. थंड जागी विसावल्यावर तासाभरात नजर पूर्ववत आली तर तो ऊटहॉफ. दिवसभर तशीच राहिली, वाढत गेली, किंवा डोळा फिरवताना पुन्हा कळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, "दोन दिवस बघू" नको. पाय जड होणं, कमरेखाली बधिरपणा, लघवी अडकणं हेही तसंच, कारण हा आजार पाठीच्या कण्यातही येऊ शकतो. घरच्या घरी दर रविवारी एक डोळा झाकून दुसऱ्याने कॅलेंडर वाचायला सांगा आणि कुंकवाचा करंडा दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघायला सांगा. फरक वाढला तर कळेल. रोज मात्र नको. रोज तपासणाऱ्या घरात आजारापेक्षा धास्ती मोठी होते.

तिच्या स्कूटीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. एका डोळ्याची नजर कमी असताना समोरच्या गाडीचं अंतर चुकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजरेचं क्षेत्र तपासून हो म्हणेपर्यंत धायरी फाट्यावरच्या गर्दीत तिला गाडी घालू देऊ नका.

आनुवंशिकतेचं उत्तर थोडक्यात: हा आजार आई-बापाकडून मुलांकडे जात नाही. धाकट्याची तपासणी करू नका; काहीही होत नसलेल्या माणसाची ही तपासणी केली की खोटे पॉझिटिव्ह निघतात आणि घर पुन्हा हादरतं. मायलिनच्या प्रथिनांचे आनुवंशिक आजार आहेत, पण ते वेगळ्या जातीचे. हातापायांच्या नसांमधलं ते पीएमपी-२२ घ्या. त्याचं जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. १९९१ मध्ये कळलं की एखाद्याकडे त्या भागाची एक प्रत जास्त असेल, तर पोटऱ्या बारीक होत जाणारा, पावलं वाकवणारा शार्को-मारी-टूथ हा आजार होतो. १९९३ मध्ये कळलं की तीच प्रत एक कमी असेल, तर मांडी घालून बसलं किंवा कोपरावर रेललं एवढ्या दाबाने नस बधिर होणारा दुसराच आजार होतो. प्रथिन जास्त झालं तरी आजार, कमी झालं तरी आजार. भाच्याला हे जरूर सांगा, "जास्त प्रोटीन म्हणजे जास्त ताकद" हे समीकरण नसांना लागू नाही.

राहिली स्थळांची गोष्ट. तुमच्या पत्रात मुलीचा चेहरा आहे, झोप आहे, राग आहे, पण तिचं लग्नाबद्दल स्वतःचं काय मत आहे त्याची एक ओळ नाही. ती २६ वर्षांची आहे, आजार तिचा आहे. या वर्षी स्थळं बघायचीत की नाहीत, हे आधी तिला विचारा. मला विचाराल तर स्टेरॉइड उतरेपर्यंत आणि वर्षभराचं चित्र दिसेपर्यंत थांबलात तर काही बिघडत नाही.

सांगायचं का? हो, सांगायचं. पहिल्या चहाच्या बैठकीत पत्रिकेबरोबर रिपोर्ट ठेवायची गरज नाही. पण दोघं एकमेकांना पसंत पडली, की साखरपुड्याच्या आधी तिनेच त्या मुलाला सांगावं, आणि हवं तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावं. लपवून केलेल्या लग्नात गोळ्याही लपवाव्या लागतात, आणि लपवलेल्या गोळ्या चुकतात. मुलं होण्याला या आजाराची आडकाठी नाही. पुढे कधी मायकोफेनोलेट लागलंच तर ते गर्भाला घातक असतं, त्यामुळे दिवस राहण्याच्या आधी औषध बदलून घ्यावं लागेल. ही माहिती तिच्याकडे असली पाहिजे, सासरच्या किंवा माहेरच्या कुणाकडे नुसती असून चालणार नाही.

हे पत्र तिला न विचारता पाठवलं असेल, तर उत्तर आधी तिच्या हातात द्या. जाऊबाईंच्या ग्रुपवर नंतर टाका, तिने परवानगी दिली तर.